दवाखान्यातील चिठ्ठी आणि प्रतिजैविके



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा पेनिसिलिन म्हणजे साक्षात संजीवनी वाटे. आज ती संजीवनी आपण सर्दीपडशावर उधळीत आहो. सर्दी विषाणूंची, प्रतिजैविके मारतात ती जीवाणूंना. हे सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांस ठाऊक नसते थोडेच? परंतु दाराशी रांग, थुंकी-लघवीच्या तपासणीस दोन-तीन दिवस, आणि औषधावाचून उठावयास रोगी राजी नाही! मग चिठ्ठीवर नाव उमटते.

आपल्या वळ परिसरात भातखाचरांच्या जागी गोदामे आली. तेथील हमालास एका दिवसाचा खाडाही परवडत नाही; त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पण ताप उतरताच उरलेल्या गोळ्या फळीवर जातात आणि पुढे शेजारच्या मुलास दिल्या जातात, हे मात्र थांबलेच पाहिजे. औषधास न जुमानणारे जंतू तेवढे अशाने मागे उरतात व फोफावतात. तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणारा क्षय मुंबईत आढळल्याचे २०१२ साली गाजले. मुंबई येथून कितीशी दूर?

तेव्हा दवाखान्यात ‘इंजेक्शन द्याच’ म्हणण्याऐवजी ‘हे प्रतिजैविक खरोखर हवे काय?’ असे विचारावे. डॉक्टर रागावणार नाहीत. बहुधा त्यांनाही सुटल्यासारखे वाटेल.