'सु'चा मालक कोण?

स्पॅनिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत एक चूक हटकून सापडते. 'त्यांचे घर' म्हणायचे असले की ते 'सुस कासा' लिहितात. घरात राहणारे अनेक, म्हणून विशेषणही अनेकवचनी, असा त्यामागचा हिशेब. बरोबर रूप आहे 'सु कासा', कारण स्पॅनिशमधले स्वामित्वदर्शक विशेषण मालकांची संख्या मोजत नाही, घरांची मोजते. घरे अनेक झाली की 'सुस कासास', मग मालक एकटा का असेना. माझे म्हणणे असे की ही चूक मराठीने शिकवलेली नाही. आपण 'माझा वाडा, माझी शेती, माझे घर' म्हणतो तेव्हा बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे पाहत नाही, वस्तूचे लिंग आणि वचन पाहतो. इंग्रजीत मात्र हे विशेषण मालकाबरोबर बदलते, वस्तूबरोबर नाही. आणि इंग्रजी मातृभाषा असलेले विद्यार्थीही नेमके इथेच अडखळतात. आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकली जाते, आणि घरात असलेली जाण त्या वाटेवर आपण हरवून बसतो. दोघे भाऊ आपल्या घराबद्दल बोलत असले तरी 'नुएस्त्रा कासा' असे स्त्रीलिंगी रूप का वापरतात, हे 'आमची शेती' म्हणणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. 'मि', 'तु', 'सु' ही आखूड रूपे लिंगानुसार बदलत नाहीत, फक्त वचनानुसार बदलतात, हे खरे. पण तीच विशेषणे नामानंतर आली की 'आमिगो मिओ', 'आमिगा मिआ' असा लिंगभेद पुन्हा उमटतो.

यावर कोणी म्हणेल, मराठीत 'त्याचा', 'तिचा', 'त्यांचा', 'तुमचा' असे स्वच्छ वेगळे शब्द आहेत. स्पॅनिशच्या एकट्या 'सु'पुढे मराठीचा आधार काय कामाचा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तरही मराठीच्याच जवळ सापडते. 'सु'चा पूर्वज लॅटिनमधला 'सुउस'. तो मुळात कर्त्याकडे परत वळणारा शब्द होता. 'त्याने आपले पुस्तक घेतले' आणि 'त्याने त्याचे पुस्तक घेतले' यांत आपण जो फरक करू शकतो, तोच लॅटिन 'सुउस' आणि 'एइउस' या दोन शब्दांनी करत असे. पुढे स्पॅनिशने 'एइउस' सोडून दिला. अनेकांच्या मालकीसाठी फ्रेंच आणि इटालियन यांनी लॅटिनचा जो वेगळा शब्द सांभाळला, तोही कॅस्टिलियन स्पॅनिशने ठेवला नाही. सगळा भार त्या 'आपला'वर आला. मग 'उस्तेद' हे आदरार्थी संबोधन रूढ झाले. त्याचे मूळ 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. समोरच्या माणसाला अशा नामाने संबोधायचे म्हटल्यावर क्रियापद तृतीयपुरुषी आले आणि त्यामागोमाग विशेषणही 'सु'च झाले. 'सरकारांनी यावे' ही आपली दरबारी वाक्यरचना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. संदिग्धता उरतेच; ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बोलणारे तिच्यात अडकून पडत नाहीत. संदर्भ अपुरा पडला की 'एल लिब्रो दे एया' म्हणजे तिचे पुस्तक, 'एल लिब्रो दे उस्तेद' म्हणजे तुमचे पुस्तक, असे फोडून सांगतात. तेव्हा 'सु'ला दोष देण्याऐवजी 'दे एल' आणि 'दे एया' यांचा सराव पहिल्याच धड्यांत व्हायला हवा. पुस्तके तो फार उशिरा देतात.

मराठीची साथ एका ठिकाणी मात्र अर्धीच मिळते: शरीराच्या अवयवांपाशी. 'मी हात धुतले' या वाक्यात आपण 'माझे' घालत नाही. स्पॅनिशही घालत नाही. 'मे लावो लास मानोस' यात 'मे' या सर्वनामाने मालक कळतो आणि हातांना केवळ निश्चित उपपद लागते. इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पण 'माझे डोके दुखते' म्हणताना आपल्याला 'माझे' लागते, आणि स्पॅनिश तिथेही 'मे दुएले ला काबेसा' म्हणते: दुखणे मला, डोके नुसते डोके. इथे 'मि काबेसा' म्हणण्याचा मोह आपल्याला मराठीतूनच होतो, म्हणून ही रचना स्वतंत्रपणे घोकावी लागते.