जुनाट पडशाची ओळख

पडसें ही व्याधि इतकी घरगुती मानली जाते कीं, तिचे दिवस कोणी मोजीत नाहीं. वस्तुतः दिवस मोजणें हीच ओळखीची पहिली पायरी होय. साधें पडसें बहुधा दहा दिवसांत ओसरतें. बारा आठवडे उलटूनही नाक मोकळें न झाल्यास तें साधें समजूं नये. गालांमागें, कपाळांत, डोळ्यांच्या मध्यें व कवटीच्या तळाशीं हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांस सायनस म्हणतात. अस्तर सुजलें कीं त्यांच्या अरुंद वाटा बुजतात. गालांतील पोकळीची वाट तर तळाशीं नसून माथ्याजवळ आहे, त्यामुळें तेथें स्राव सहज तुंबतो.

मुख्य लक्षणें चार : नाक चोंदणें, घट्ट स्राव पुढें येणें किंवा घशांत उतरणें, चेहऱ्यावर दाब अथवा वेदना, आणि गंध न कळणें. यांपैकीं दोन तरी हवींत, व त्यांत पहिल्या दोहोंतील एक असलेंच पाहिजे. सकाळचें खाकरणें ही पुष्कळ घरीं वडिलांची खोड समजली जाते. ती खोड नसून दुसरें लक्षण असूं शकतें. उलट, नाक स्वच्छ आहे, पण अर्धें डोकें ठणकतें, उजेड सोसत नाहीं, मळमळतें, तर ती बहुधा अर्धशिशी असते. असे कित्येक रोगी वर्षानुवर्षें व्यर्थ वाफारे घेत बसतात.

सर्वांत मुकें लक्षण गंध जाण्याचें. सुश्रुतसंहितेंतही नासारोगांत तें नोंदलेलें आहे. गंध हळूहळू जातो, दुखत कांहींच नाहीं, म्हणून रोगी तक्रार करीत नाहीं. भाजी बेचव लागली कीं सुनेस मात्र बोल लागतो! एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतींत हा प्रश्न चवीपुरता उरत नाहीं. स्वयंपाकाचा गॅस गळल्याचें कळावें म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. तो त्या वृद्धास येतच नाहीं.

एकाच नाकपुडींतून दुर्गंधियुक्त स्राव येत असल्यास वरची दाढ तपासून घ्यावी. तेथूनच रक्त येत असल्यास विलंब करूं नये. डोळ्याभोंवतीं सूज येणें किंवा एकाचे दोन दिसणें, हें त्याच दिवशीं रुग्णालय गांठण्याचें कारण आहे. मधुमेह्यांनीं तर विशेष जपावें. २०२१ सालीं काळ्या बुरशीनें महाराष्ट्रांत किती जणांचे डोळे व प्राण घेतले, हें सर्वांच्या स्मरणांत आहे.

नाक मोकळें करणारे थेंब आठवड्याहून अधिक दिवस घातल्यास तेच नाक चोंदवूं लागतात. डॉक्टर दुर्बिणीनें नाक तपासतील, तेव्हां ती बाटलीही त्यांना दाखवावी.