बखरींची साक्ष
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



इतिहास म्हटला की बखरींतील प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु बखरीच्या साक्षीला किती मोल द्यावे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

बखर बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाई. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ साली शिवचरित्र लिहिले. शिवछत्रपतींच्या निधनास तेव्हा अवघी १७ वर्षे झाली होती. म्हणूनच राज्यव्यवस्था व किल्ल्यांची त्यांनी दिलेली माहिती मोलाची ठरते. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. मधल्या शतकाहून अधिक काळात तीत आख्यायिकांची भर पडली. तेव्हा बखर कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिली, हे प्रथम विचारावयास हवे.

याचे महत्त्व शिवजयंतीच्या वादात दिसून आले. उत्तरकालीन बखरींच्या आधारे महाराजांचे जन्मवर्ष १६२७ मानले जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी आढळली. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’नेही तिला दुजोरा दिला. राज्य शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

मग बखरी टाकाऊ ठरवाव्यात काय? मुळीच नाही. अस्सल पत्रांचा आग्रह धरणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांनीच उत्तर कोकणातील महिकावतीची बखर १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. पानिपतावरील सैन्याच्या संख्येसाठी भाऊसाहेबांच्या बखरीवर विसंबता येणार नाही. परंतु १७६१ च्या आघाताने मराठी मन कसे हेलावले, हे तिच्याइतके जिवंतपणे क्वचितच कोठे आढळेल. तारीख कागदाला विचारावी, लोकभावना बखरीला.

जेधे शकावली कोठे राजदरबारी मिळाली नाही. भोर तालुक्यातील कारी गावच्या देशमुख घराण्याने ती जपली होती. आपल्या गावांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल आजही वाळवीच्या तोंडी आहेत. ते रद्दीत जाऊ देऊ नका. शिक्षकांनी मालकांच्या संमतीने त्यांची यादी करावी, पंचायतीने ती पुराभिलेख विभागास कळवावी आणि गावातील एखाद्या तरुणास मोडी शिकण्यास प्रोत्साहन द्यावे. बखरीची उलटतपासणी याच कागदांवरून होते. कागद गेला, की गावाचा साक्षीदारच गेला.