खोक्यावरचा आकडा आणि डग्ग्याचा घुमार

अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. माणसाच्या कानाचा पल्ला साधारण तेवढाच, म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण नुसता हा आकडा काहीच सांगत नाही. टोकाशी आवाज दहाव्या हिश्श्यावर आला तरी दावा खोटा म्हणता येत नाही. ‘3 डेसिबलच्या आत’ एवढे शब्द सोबत असले तर त्याला अर्थ येतो, कारण 3 डेसिबल उतरणं म्हणजे शक्ती निम्मी होणं. त्यातही किती शक्तीवर आणि कोणता भार जोडून मोजलं, हे कळलंच पाहिजे.

एखाद्या घरात भजनासाठी ठेवलेला जुन्या बांधणीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. स्पीकरच्या वाटेत पुष्कळदा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. तो 1000 मायक्रोफॅरडचा आणि स्पीकर 8 ओहमचा असेल, तर शक्ती निम्मी होते 20 हर्ट्झला. 4 ओहमचा स्पीकर लावला की तीच रेघ 40 वर सरकते. कपॅसिटर वाळून पाव झाला तर 8 ओहमलाही 80 वर, म्हणजे नेमकी डग्ग्याच्या घुमारावर. पेटी, गळा ठणठणीत ऐकू येतात, म्हणून दोष स्पीकरच्या माथी जातो. तपासणी तशी सोपी आहे. टोनची बटणं मध्यावर ठेवावीत, स्पीकरच्या जागी 8 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर जोडावा आणि 1000 हर्ट्झला 2.83 व्होल्ट, म्हणजे 1 वॅट, मिळेल असा आवाज लावावा. मग आत येणारा सूर तेवढ्याच जोराचा ठेवून खाली उतरत जावं. जिथे 2 व्होल्ट दिसतील तिथे 3 डेसिबल गेले. वरच्या टोकाला मात्र स्वस्त मल्टिमीटरवर विसंबू नये. त्याचा एसी पट्टा घरच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी असतो. तिथे ऑसिलोस्कोपच हवा.

कान असताना आकडे कशाला, असं कुणी म्हणेल. पण दोन यंत्रांतलं जरासं मोठ्यानं वाजणारं आपल्याला सरस वाटतं, आणि आवाज लहान केला की खर्ज कानालाच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी ही दुसरी गोष्ट 1933 साली मोजून दाखवली. रेडिओ लावून पारख करणंही फसवं. आकाशवाणी नागपूरची 585 किलोहर्ट्झची मध्यमलहर घ्या. या पट्ट्यात केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली, त्यामुळे साधा रेडिओ चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं सोडत नाही. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण त्यात हरवली, तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा गुन्हा नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजचे आयसीवाले अ‍ॅम्प्लिफायर सपाटच असतात, खरा घोळ स्पीकरचा आणि खोलीचा. बरोबर आहे. पण स्पीकरचे 8 ओहम नावापुरतेच. खर्जात एका जागी ते कित्येक पट चढतात, पुढे पुन्हा उतरतात. रेझिस्टरवर सरळ दिसलेली रेघ त्यामुळे स्पीकर जोडल्यावर वाकू शकते, व्हॉल्व्हच्या यंत्रांत तर हमखास. म्हणून तीच मोजणी स्पीकरच्या तारांवर एकदा करावी. फरक 1 डेसिबलच्या आत राहिला, तर पैसे नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर घालू नयेत. आधी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहावा.