दिवसभराची मुलाखत

(नोकरीच्या शोधात असलेल्या मुली व कार्यकर्त्या यांच्या केज येथील शिबिरात केलेले भाषण.)



पाच-दहा मिनिटांच्या नव्हे, सकाळी दहाला बोलावून दिवे लागणीला सोडणाऱ्या मुलाखतीबद्दल आज बोलायचे आहे. संस्थांचे प्रकल्प, दवाखाने, कंपन्या, अनेक ठिकाणी अशा मुलाखती होतात. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. जे पाहिले तेच सांगते.

सकाळी कागदपत्रे तपासतात. मूळ प्रमाणपत्रे दाखवायची, हातात मात्र झेरॉक्सच द्यायची. लग्नानंतर नाव बदलले असेल तर त्याचा पुरावा सोबत हवा. मग लेखी परीक्षा किंवा संगणकावरचे काम. मग गटचर्चा. तिथे मोठ्याने बोलणारीच जिंकते असे नाही. दुसरीचे ऐकून मुद्दा पुढे नेणारीकडेही लक्ष असते. आपल्या कामात पुढे एखादा प्रसंग देतात : आईबाप ऊसतोडीला निघालेत आणि चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवले आहे, तुम्ही काय कराल? इथे भाषण नको. मुलीशी कोण बोलेल, १०९८ या क्रमांकावर कधी कळवाल, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याकडे कोण जाईल, हे क्रमाने सांगा. सगळ्यात शेवटी पॅनेल. तोवर आपण थकलेल्या असतो, आणि तेच तेच प्रश्न फिरवून विचारतात. उत्तर बदलू नका. येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो वाट पाहण्यात. रोज बुडवून, लेकरू सासूकडे ठेवून आलेल्या बाईला ते परवडत नाही. म्हणून आदल्या दिवशीच विचारा : टप्पे किती, वेळ किती, जेवणाची सोय आहे का? हा आगाऊपणा नव्हे. डबा, पाणी, पॅड पिशवीत ठेवा. शेवटची एस.टी. चुकणार असेल तर ‘माझा नंबर आधी घ्याल का’ असे सरळ विचारा.

आता अवघड भाग. लग्न कधी करणार? मूल कधी? नवऱ्याने का सोडले? हे प्रश्न आजचे नाहीत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत लग्न झाले की बाईची नोकरी संपे. कामगार संघटना लढली आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले, मुलाखतीचे बोलावणे आले, तांत्रिक प्रश्नांना उत्तरे देऊन त्यांनी नोकरी मिळवली. नीरा माथुर यांना आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मवर पाळीच्या तारखा विचारल्या होत्या. बाळंतपणाच्या रजेनंतर, खोटी माहिती दिली म्हणून त्यांना काढले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. नोकरभरतीत बाई म्हणून डावलता येत नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात आले, पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही आले.

कायदा आहे, पण नोकरीही हवी आहे. तडकून उठून या, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे. संध्याकाळी चूल तिलाच पेटवायची असते. म्हणून उत्तर कामाकडे वळवा : ‘या कामाला फिरती लागते, ती मी करीन. घरची व्यवस्था मी लावली आहे.’ तरीही खोदून विचारले तर शांतपणे म्हणा, ‘तो माझा खाजगी प्रश्न आहे.’ बाहेर आल्यावर प्रश्न, तारीख आणि कोण कोण बसले होते ते वहीत लिहा.

कुणी अश्लील बोलले, नोकरीच्या बदल्यात काही मागितले, तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तुमच्यासाठीही आहे. बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी त्यात अट नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतात. मान हलवून उठू नका. पगार हातात किती, करार किती महिन्यांचा, फिरतीचा खर्च कोण देणार, बाळंतपणाची रजा आहे का, हे विचारा.

आणि संस्था चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एक विनंती. पॅनेलवर आपणही बसतो. परित्यक्ता बाई समोर आली की नवऱ्याची चौकशी आपल्याकडेही होते. ती कामासाठी आलेली असते, सल्ला केंद्रात नव्हे. प्रश्न आधी लिहून काढा, सगळ्यांना तेच विचारा, येण्या-जाण्याचे भाडे द्या आणि निवड झाली नाही तरी तिला कळवा. तालुक्याच्या गावाहून मुलाखतीला जाणारी बाई एकटी निघते. मागे आपला गट आहे एवढे तिला माहीत असू द्या.