किल्ली खुंटीला, लायसन पर्समध्ये

(तामलवाडी येथे बचत गटांच्या बायकांसमोर केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

इथल्या रस्त्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? सोलापूर-तुळजापूर रस्ता तुमच्या दारातून जातो. नवरात्रात, कोजागिरीला आईच्या दर्शनाला निघालेली माणसं याच रस्त्यानं रात्रभर पायी चालतात. हंगामात मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्याही इथूनच जातात. रस्ता आपल्या दारातला, पण स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी माझीच गोष्ट. मी ड्रायव्हिंग क्लासला एकवीस दिवसांचे पैसे भरले. प्रत्यक्षात बारा-तेरा दिवस गाडीवर बसले, तेही पंधरा-पंधरा मिनिटं. शिकवणाऱ्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर आणि क्लचवर कायम असायचा. त्यामुळं गाडी कधी बंद पडली नाही, आणि मला वाटलं, आपल्याला येतं. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, तुम्हाला कुठं लांब जायचंय? लायसन मिळेल." लायसन मिळालं. मी पेढेसुद्धा वाटले.

पुढं एका रात्री एका वस्तीवर मुक्कामाला होते. घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. पुरुषमाणसं लग्नाला परगावी गेलेली. अंगणात जीप उभी, किल्ली खुंटीला. फोन केला, पण गाडी यायला वेळ होता. सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुमाला येती न्हवं गाडी?" लायसन माझ्या पर्समध्ये होतं. मी मान खाली घातली. तासाभरानं शेजारच्या वस्तीवरचा मुलगा आला, त्यानं जीप काढली. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. पण तो तास मी अजून विसरलेले नाही.

बाईला गाडी जमत नाही, असं सगळे म्हणतात. तिला शिकवलं होतं का, हे कुणी विचारत नाही. घरातला मुलगा लहानपणी बापाच्या मांडीवर ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरतो, शेतात चुका करतो, बांधाला धडकतो, आणि घर हसतं. मुलीच्या वाट्याला पंधरा मिनिटं आणि पहिल्याच चुकीला टोमणा.

मग मी पुस्तकं उघडली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ वाचले, आणि माझेच डोळे उघडले. खासगी हलकं वाहन शिकवणाऱ्या शाळेनं किमान एकवीस दिवस शिकवायचं, त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तास, असं त्यात लिहिलं आहे. शाळेकडं वाहतुकीच्या खुणांचे तक्ते हवेत, जॅक-पाने हवेत, प्रथमोपचार पेटी हवी. गाडी, रस्ता आणि कायदा यांवरची पुस्तकंही हवीत. म्हणजे जे मला मिळालं नाही ते मागणं हा हट्ट नव्हता, हक्क होता. आपण रेशनचं माप बघून घेतो, मग शिकवणीचं माप का बघू नये? रोज किती वेळ चालवलं, ते आपल्या वहीत लिहा.

आणखी एक. कच्चं लायसन सहा महिने चालतं. तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, म्हणून तिसाव्या दिवशीच धावू नका. गाडीला पुढंमागं 'एल'ची पाटी लावा, पक्कं लायसन असलेलं माणूस शेजारी बसवा, आणि मिळालेले महिने शिकायला वापरा.

मी दुसऱ्यांदा शिकले ती अशी. आधी पुस्तकात वाचायचं, मग मोकळ्या माळावर करून बघायचं. सीट आपल्या उंचीला लावून घ्यायची. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे. मग हिशेब. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. पुढची ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, पावसात त्याच्या दुप्पट. पुस्तकानं हिशेब सांगितला, पण पायाला तो माळावर शंभरदा ब्रेक लावल्यावरच कळला. वाचन आणि सराव, दोन्ही लागतं.

सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायला बंदी होती. १९९० साली सत्तेचाळीस बायकांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवून ती मोडली, शिक्षा भोगल्या. बंदी उठायला २०१८ साल उजाडलं. आपल्याकडं असा कायदा कधीच नव्हता. आपल्याला घर अडवतं, "कशाला पाहिजे?" हा प्रश्न अडवतो. तरी सातारच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेच्या इंजिनात चढल्याच, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी आपल्या सोलापूरहून वंदे भारत मुंबईला नेली. त्याच महिन्यात एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट झालं. ते चांगलंच आहे. पण रात्री दोन वाजता वस्तीवर एस.टी. येत नाही.

हा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. म्हणजे गटाची भाजी, दूध, पापड बाजारात न्यायला आपलीच बाई टेम्पो चालवू शकते.

जाताना एवढं ठरवू या. प्रत्येक गटातून दोघींनी शिकायचं, एकीनं नाही. एकटीला टोमणे जास्त बसतात. क्लासला जाताना नियम माहीत करून जायचं आणि दहा तास मागून घ्यायचे. घरच्या गाडीची किल्ली आठवड्यातून एकदा तरी हातात घ्यायची, नाहीतर शिकलेलं विसरतं. आणि शिकलेलीनं दुसरीला शेजारी बसवून शिकवायचं, तिच्यावर न ओरडता.

पुन्हा कुणी सासूबाई विचारतील, "येती न्हवं गाडी?" त्या वेळी आपल्यातल्या कुणाचीच मान खाली जाता कामा नये.