'दीनबंधु' : आपल्या बाजूचा पेपर
(शिरूर व दौंड येथील कामगारांच्या सभेतील भाषण)



शिरूर-दौंडकडची आपली माणसं पोटासाठी गाव सोडून गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली. आम्ही त्यांतलेच. शाळा चार यत्ता. पण पाळीवरून आल्यावर खोलीत एकानं पेपर मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, हा आमचा नेम. म्हणून आज पेपरचीच हकीकत सांगतो.

१ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला. पुण्यात पेपर आधीही होते. पण शेतकरी-कामकऱ्याच्या बाजूनं लिहिणार कोण? जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा विचार या पेपरानं मांडला. भालेकरांनी पदरमोड केली, तोटा सोसला. ज्यांच्यासाठी पेपर, त्यांच्याच हाती ना पैसा ना अक्षर! पुण्यात तो टिकेना.

१८८० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालवायला घेतला. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साच्यापुढं माणूस कसा झिजतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची सभा भरवली. मागण्या साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, इजा झाल्यास भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. हा रविवार कुणी दान दिलेला नाही!

खरं तेही सांगू. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची दोन प्रकरणं छापून 'दीनबंधु' थांबला. पुढचं छापायची त्याची छाती झाली नाही. आपला पेपर कचरला, तर त्याला जाब आपणच विचारायचा. पण तो हक्क पेपर विकत घेणाऱ्याचा.

१५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केलं. मोठमोठे पेपर संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात असताना 'मराठा' आपल्या बाजूनं उभा राहिला. गिरणगावानं तो उचलून धरला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

तेव्हा बंधूंनो, दर खात्यात एक तरी अंक घ्या. वाचता येतं त्यानं शेजारच्याला वाचून दाखवा. भालेकरांच्या पेपराला पुण्यात जे मिळालं नाही, ते आपल्या पेपराला आपण देऊ या.

कामगार एकजुटीचा विजय असो!